कोळशाची पेन्सिल का होत नाही?



नववीच्या विज्ञानात कार्बनची अपरूपं येतात : हिरा, ग्रॅफाइट, फुलरीन. मुलं गुणधर्मांचा तक्ता पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. चंद्रपूर-गडचिरोलीत तरी हा धडा एवढ्यावर आटोपू नये, असं माझं मत आहे. इथे कोळशाच्या खाणी आहेत, लाकडी कोळसा मुलांनी पाहिलेला आहे, हातात पेन्सिल आहे. तिन्हींत कार्बनच. मग कोळशाची पेन्सिल का होत नाही?

उत्तर डांबरात आहे. रस्त्यावरचं डांबर खनिज तेलातून येतं; आपल्याला हवं ते दगडी कोळशाचं, म्हणजे पिच. त्याचे रेणू मोठे नि चपटे. हवा न लागू देता ते ४०० अंश सेल्सिअसच्या वर तापवलं की हलके रेणू उडून जातात. उरलेले जोडले जाऊन आणखी मोठे होतात आणि भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक बसतात. या चवडी पातळ पिचपासून थेंबांच्या रूपात वेगळ्या होतात आणि पृष्ठताणामुळे गोल होतात, पाण्यात ढवळलेल्या तेलासारख्या. ऑस्ट्रेलियाच्या ब्रुक्स आणि टेलर यांनी १९६५ साली सूक्ष्मदर्शकाखाली या इवल्या गोळ्यांची रचना उलगडली. उष्णता चालू ठेवली की गोळे वाढतात, एकमेकांत मिसळतात, शेवटी घट्ट होऊन कोक बनतो. थर आधीच लागलेले असतात, म्हणून हाच कोक ३००० अंशांच्या आसपास नेला की ग्रॅफाइट होतो.

लाकूड वितळतच नाही. रेणूंना सरकून रांगेत बसायला वाव मिळत नाही. म्हणून लाकडी कोळसा कितीही तापवा, त्याचं नीट ग्रॅफाइट होत नाही. हा फरक रोझालिंड फ्रँकलिन यांनी १९५१ साली मांडला. आपल्या भागातला दगडी कोळसाही मुख्यतः नॉन-कोकिंग, म्हणजे तापल्यावर मऊ होऊन एकजीव न होणारा. म्हणूनच तो प्रामुख्याने वीजकेंद्रात जळतो.

'हे परीक्षेत येत नाही,' असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचं लोहखनिज ट्रकांतून जाताना ही मुलं बघतात. पोलाद वितळवणाऱ्या विद्युत भट्टीचे इलेक्ट्रोड याच ग्रॅफाइटचे असतात. माल इथून जाणार आणि त्यामागचं शास्त्र मात्र इथल्या मुलांना परकं राहणार, हे बरं नाही.

एक तासिका पुरे. कागदाच्या चकत्यांची चवड लावा, बाटलीत तेल-पाणी हलवून थेंब दाखवा. पिच मात्र वर्गात कधीही तापवू नका. त्याचा धूर कर्करोगकारक असतो. आणि तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी प्रश्न लिहा. उत्तरं मुलांना शोधू द्या.