दुसरी लीग कुणी बघायची?

मी कॉन्व्हेंटवाली, मराठी सांभाळून घ्या! पण कबड्डी आम्हा पनवेलकरांना शिकवावी लागत नाही. १२ मे २०१९ ला मुंबईने आयपीएल एका रनाने जिंकली आणि दुसऱ्याच दिवशी पुण्यात, बालेवाडीला, इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू झाली. टीमचं नाव 'मुंबईचे राजे', पण राजे कोण? पत्ता नाही! यू मुम्बा २०१४ पासून घरचीच. अनुप कुमारसाठी आजी सीरियल सोडायची. गावच्या मॅचला तर रेडर आपल्याच आळीतला. ओळख व्हायला दोन-चार सीझन लागतात हो. अमेरिकेतली २०१९ ची वसंतातली फुटबॉल लीग तर पहिला सीझनसुद्धा पुरा करू शकली नाही. माझा मामेभाऊ रेडर आहे. दुसरी लीग त्याच्यासारख्यांनाच हवी होती, आणि आम्ही घरात साधं चॅनेलसुद्धा शोधलं नाही.