मालकी की जबाबदारी? गारुड्याची टोपली आणि छंदिष्टाची काचपेटी

१/ इग्वाना, बॉल पायथन असे परदेशी सरीसृप पाळणाऱ्यांनी खासगी मालकीच्या हक्कासाठी एकत्र यावे, अशी हाक हल्ली ऐकू येते. एकत्र अवश्य यावे. परंतु इतिहास वाचून.

२/ बुलढाणा जिल्ह्याच्या आठवडी बाजारांतून गारुड्याची पुंगी का लोपली? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हे त्याचे मोठे कारण. कलम ३९ नुसार, कायदा मोडून पकडलेला वा पाळलेला वन्य प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. नागाचे दात उपटण्याच्या क्रूरतेला आळा बसला, हे उचितच. पण टोपली गेलेल्या त्या भटक्या कुटुंबांसाठी मालकी हक्काचे किती कैवारी उभे राहिले?

३/ आता तमिळनाडू पाहा. सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर इरुळा आदिवासींनी १९७८ मध्ये सहकारी संस्था स्थापली. शासनाच्या परवान्याने साप पकडायचा, विष काढायचे आणि त्याला पुन्हा निसर्गात सोडायचे. त्या विषापासून सर्पदंशावरील प्रतिविष बनते. त्यांनी मालकी मागितली नाही. उपयुक्तता सिद्ध करून अधिकार मिळवला.

४/ २०२२ च्या दुरुस्तीने सायटिस करारातील परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन घातले. त्याला जुलूम म्हणणे हा कांगावा आहे. नोंदणी हीच कायदेशीर छंद आणि तस्करी यांमधली सीमारेषा.

५/ म्हणून छंदिष्टांनो, संघटना करा. पण पहिला ठराव नोंदणीचा, दुसरा तस्करीवरील बहिष्काराचा करा. जबाबदारी झटकून मागितलेला हक्क टिकत नाही.