हळू आवाजाचाही खेळ हवा

आवाजावर चालणारा खेळ आपल्यालाही संगणकावर करता येतो. २००७ साली अमेरिकेतून आलेल्या स्क्रॅचमध्ये मायक्रोफोन आवाज मोजतो. शांत असलं की आकडा ० जवळ, खूप ओरडलं की १०० कडे. आपण ठरवलेल्या आकड्यापेक्षा आवाज वाढला की चित्रातला बेडूक उडी मारतो. कविता म्हणा नाहीतर डबा वाजवा, त्याला दोन्ही सारखंच.

माझे मत असे, की सगळ्यांना एकच मोठा आकडा ठेवू नये. नाहीतर मोठ्या आवाजाची मुलं रोज जिंकणार आणि हळू बोलणारी नुसती बघत बसणार. आधी वर्ग शांत असताना आकडा पाहावा. मग प्रत्येकाने आपले नाव म्हणावे आणि त्यावरून त्याचा आकडा ठरवावा.

पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी मुलांना टाकाऊ वस्तूंची खेळणी शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नळीची पिपाणी वाजवता वाजवता कापली, की तिचा आवाज बारीक होत जातो. स्वतः केलेले खेळणे असे हवे तसे बदलता येते. विकतच्या खेळात आकडा दुसऱ्यानेच ठरवलेला असतो. म्हणून खेळ आपणच करावा.

– एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी