शिपायाला पडताळणी, ठेकेदाराला मोकळीक

हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला सरकारी नोकरी नको, सरकारी कंत्राटही नको, ही मागणी रास्त आहे. पण बंदीचा दांडका कुणाच्या पाठीत बसणार, ते शेतकऱ्यांनी आधी पाहावे.

नोकरीची वाट आजच अरुंद आहे. भरतीत निवड झालेल्या पोराची चारित्र्य पडताळणी होते आणि नुसता गुन्हा दाखल असला तरी नेमणूक अडकते. गुन्ह्याचे स्वरूप पाहून निर्णय घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात २०१६ सालीच सांगितले. ते साहेबांच्या टेबलापर्यंत पोचेल तेव्हा खरे!

कंत्राटाचे तसे नाही. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमावलीतला नियम १५१ पाहा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली शिक्षा झाली, किंवा सरकारी कंत्राटाचे काम करतानाच जीवित-मालमत्तेची हानी केल्याबद्दल शिक्षा झाली, तर ठेकेदार बाद. तोही जास्तीत जास्त तीन वर्षे. भावकीतल्या कुणाचे डोके फोडून तुरुंगात जाऊन आलेला या नियमात सापडतच नाही. सापडलाच, तर भाच्याच्या नावाने निविदा भरायची सोय आहेच.

आपल्या कोरडवाहू शिवारात याची किंमत रोकडी मोजावी लागते. पाझर तलाव पहिल्याच पावसात गळतो, कपाशीला बोंडे धरायच्या वेळी विहिरीला पाणी नसते. कामाचा हिशेब ग्रामसभेत मागायचा तर ठेकेदाराची दहशत आडवी येते. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून, असे आरोपपत्र सांगते.

आता आपल्या घरचा धोका. 'हिंसक' कशाला म्हणायचे? रास्ता रोकोत फौजदाराशी रेटारेटी झाली की सरकारी नोकरावर हल्ल्याचे कलम लागते. पूर्वी ते ३५३ होते, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे १३२ आहे. भावासाठी रस्त्यावर उतरलेला कार्यकर्ता आणि सुपारी घेणारा गुंड एकाच यादीत बसवायला सरकारला किती वेळ लागतो?

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव करताना गुन्ह्यांची नावे लिहून मागा: खून, खुनाचा प्रयत्न, बलात्कार, दरोडा, खंडणी, जबर दुखापत. १३२ त्यात नको. दाखल गुन्ह्यावर नव्हे, शिक्षेवर बंदी. ठेकेदाराबरोबर त्याच्या भागीदारांचेही प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि ते ग्रामसभेत वाचावे. शिक्षा भोगून दहा वर्षे सरळ वागलेल्याला शिपायाची नोकरी मिळाली तर आमची हरकत नाही. त्याच्या हाती गावाच्या तलावाचे पैसे नसतात.