खातं मोबाइलमध्ये, बँक कुठे?

लातूरहून पुण्याला शिकायला आलेली मुलगी आज हॉस्टेलच्या कॉटवर बसल्या बसल्या बँकेत खातं उघडते. आधार, पॅन, ओटीपी, की खातेक्रमांक हातात. आमच्या वेळी याच कामासाठी त्या शाखेतला ओळखीचा खातेदार गाठून त्याची सही आणावी लागे आणि तरीही 'उद्या या' ऐकावं लागे. त्यामुळे ॲपवरच्या खात्यांना सरसकट नाकं मुरडणं मला पटत नाही. रोजंदारीवर जाणाऱ्याचा अर्धा दिवस बँकेत गेला तर तेवढी मजुरी बुडते. घरकाम करणाऱ्या बाईकडे स्वतःचा फोन असेल, तर पासबुक नसलेलं खातं ही तिच्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. कपाटात सापडण्यासारखं काही नसतं, म्हणून तिची बचत तिच्याच हाती राहते.

पण ॲप म्हणजे बँक, असं धरून चालू नका. कोटकचं '८११' किंवा स्टेट बँकेचं 'योनो' ही बँकांची स्वतःची ॲप्स. 'फाय' आणि 'ज्युपिटर' सुरू झाली ती मात्र फेडरल बँकेच्या आधाराने. ॲप एका कंपनीचं, पैसे केरळातल्या बँकेत, अशी ती रचना. अशा कंपन्यांना रिझर्व्ह बँकेने बँकेचा परवाना दिलेला नाही. म्हणून खातं उघडण्याआधी पडद्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं बँकेचं नाव शोधा. ठेवींवरचं पाच लाखांचं विमा संरक्षण त्या बँकेच्या नावाने मोजलं जातं. त्याच बँकेत तुमच्याच नावावर आणखी खाती असतील, तर ती सगळी मिळून पाच लाख.

दुसरी बारीक अक्षरं केवायसीची. नुसत्या आधार ओटीपीवर, समोरासमोर न भेटता उघडलेल्या खात्यात एक लाखापेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि आर्थिक वर्षात दोन लाखांहून जास्त रक्कम जमा होऊ शकत नाही. वर्षाच्या आत पूर्ण केवायसी झाली नाही, तर खातं बंद करावं असा नियम आहे. वडिलांनी फीचे पैसे त्याच खात्यावर पाठवायचं ठरवलं असेल, तर ऐन प्रवेशाच्या वेळी पंचाईत होते. व्हिडिओ केवायसी केली की ही मर्यादा राहत नाही. पण कॅमेरा 'डोळे मिचकावा' सांगतो आणि ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या व्यक्तीला ते जमत नाही, अंध व्यक्तीची पडद्यासमोर अडवणूक होते. अशांना पर्यायी मार्ग द्यावाच लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२५ मध्ये सांगावं लागलं. हे बँकांना आधी सुचायला हवं होतं.

शाखा असली म्हणजे पैसा सुरक्षित, असंही नाही. २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा तिच्या शाखा जागच्या जागी होत्या. बाहेर खातेदार रडत होते आणि सुरुवातीला हातात पडत होते जेमतेम हजार रुपये. बँक बुडते ती आतल्या कारभाराने. ॲपवाल्या बँकांच्या कारभाराकडेही रिझर्व्ह बँकेचं लक्ष आहे. बँक ऑफ बडोदाला ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि कोटक महिंद्राला एप्रिल २०२४ मध्ये ॲपवरून नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, ती पुढे काही महिन्यांनी उठली. जुन्या ग्राहकांचे व्यवहार चालू राहिले. पेटीएम पेमेंट्स बँकेत मात्र १५ मार्च २०२४ नंतर नव्याने पैसे भरणंच बंद झालं, आणि ज्यांचं एकमेव खातं तिथे होतं त्यांची धावपळ झाली. एकच खातं आणि तेही फक्त फोनमध्ये, ही स्थिती मला धोक्याची वाटते. फोन हरवला, की दुसरं सिम मिळेपर्यंत पैसे असून नसल्यासारखे.

फसवणूक झाली तर पहिला फोन १९३० ला आणि बँकेला, त्याच तासात. बाहेरच्या कुणाच्या कृत्याने, तुमची किंवा बँकेची चूक नसताना पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा पडत नाही, हा नियम रिझर्व्ह बँकेने २०१७ साली घालून दिला आहे. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. शाखेत अर्जावर शिक्क्याची पोच मिळते, ॲपच्या चॅटवर ती मिळत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्या आणि पडद्याचा फोटो ठेवा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे हाच पुरावा कामी येतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती माणूस गेल्यानंतरची. पूर्वी घरातला कर्ता गेला, की बारावं-तेरावं उरकल्यावर कपाट उघडलं जाई. पासबुकं, एफडीच्या पावत्या, कुठे किती आहे ते समोर येई. ॲपवरच्या खात्याचा घरात मागमूस नसतो. फोनला कुलूप आणि स्टेटमेंट ई-मेलवर. बायकोला ते खातं आहे हेही माहीत नसतं. नॉमिनीचा रकाना 'नंतर भरू' म्हणून सोडलेला असतो. दहा वर्षं कुणी हात लावला नाही, तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. ती शोधता यावी म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये 'उद्गम' हे पोर्टल सुरू झालं आणि निधीत गेल्यानंतरही पैसे मागता येतात. पण आपल्या माणसाचं खातं कुठेतरी असेल, हा संशय तरी घरच्यांना यायला हवा ना!

आता एका खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ते आजच लावा. घरखर्चाचे, प्रवासाचे, फीचे पैसे ॲपच्या खात्यात खुशाल ठेवा. आयुष्याची पुंजी मात्र जिथे तुम्ही नसताना तुमची बायको किंवा मुलगा जाऊन माणसाशी बोलू शकेल, अशा ठिकाणी हवी. एका वहीत बँकेचं नाव, खातेक्रमांक आणि नॉमिनी लिहून ती वही घरच्यांना दाखवा, पिन तेवढा लिहू नका. आणि रिझर्व्ह बँकेकडे माझं मागणं आहे की ॲपवर उघडलेल्या प्रत्येक खात्याचं एक छापील पत्रक वर्षातून एकदा टपालाने खातेदाराच्या घरी गेलंच पाहिजे, आणि त्याचा खर्च बँकेने सोसावा.