पोलीसच चोर होतो तेव्हा

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पोलीस. त्यांतलीच एखादी बी-पेशी बिघडून भराभर वाढत सुटली, की लिम्फोमा हा कॅन्सर होतो. मग बाकीचे पोलीस तिला धरत का नाहीत?

आपली जवळजवळ प्रत्येक पेशी आत काय चाललंय त्याचे नमुने दारात मांडते. टी-पेशी ते तपासतात. ही लबाड पुष्कळदा मांडामांडच बंद करते! पण दार रिकामं दिसलं, की 'एनके' पेशी धावून येतात. त्यांना पकडायला सीडी-५८ नावाची कडी लागते (नाव पाठ करू नका!). बऱ्याचदा तीही गायब! ही दुहेरी चलाखी २०११ साली शास्त्रज्ञांनी उघड केली.

आयआयटी मुंबई आणि टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून आलेल्या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींना जणू नवे डोळे बसवतात. त्यांना दारातले नमुने लागत नाहीत. भारतात त्याला २०२३ साली परवानगी मिळाली.