टायर मोठा घ्या, पण आधी शाफ्टला विचारा

गावातल्या पोरांचं स्वप्न आता बुलेट राहिलेलं नाही, थार झालंय. पिंपळगाव राजापासून खामगावपर्यंत कुठल्याही कट्ट्यावर बसा, विषय तिथेच येतो. नवी परवडत नाही तो जुनी जीप उचलतो. आणि गाडी दारात आली की महिनाभरात पहिला सल्ला ठरलेला: ‘‘टायर मोठे टाक ना बे, लूक येते!’’

लूक येतो, हे खरंच आहे. माझा आक्षेप आहे तो क्रमावर. आपण टायरपासून सुरू करतो, आणि त्या टायरला फिरवणारा शाफ्ट कुणाच्या डोक्यातच नसतो.

जरा हिशेब करू. 2020 ला आलेल्या थारच्या वरच्या मॉडेलला 255/65 आर 18 टायर आहे. त्याची उंची साधारण 789 मिलिमीटर, म्हणजे 31 इंच. तिथे 33 इंची टायर टाकला की व्यास 838 मिलिमीटर होतो. गाडीचं पोट किती वर गेलं? व्यासातल्या फरकाच्या निम्मं, म्हणजे जेमतेम एक इंच. बदल्यात काय गेलं? इंजिनाची ओढ सहा टक्क्यांनी घटली. मीटर 60 दाखवतं तेव्हा गाडी 64 च्या आसपास पळत असते. ब्रेकला जास्त जड चाक थांबवावं लागतं. 35 इंचीवर गेलात तर ओढीतली घट 11 टक्क्यांच्या घरात.

सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण शाफ्ट सहसा नुसत्या ओढीने तुटत नाही, तो झटक्याने तुटतो. चिखलात चाक जागेवर गरगर फिरतंय, ड्रायव्हरने रेस दाबून धरलीय आणि तेवढ्यात टायरला खालचा दगड सापडतो. फिरणारं ते सगळं वजन एका क्षणात थांबतं, पीळ शाफ्टवर येतो. टायर जितका मोठा आणि जड, तितका पीळ जास्त. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल असतो. त्यात हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाकच सुटून जातं. शेतात सुटलं तर हसू होतं, पण घाटात सुटलं तर?

मग जाड शाफ्ट टाकला की झालं? गणित तर झकास आहे. पिळाची ताकद व्यासाच्या घनावर वाढते, म्हणजे 30 चा शाफ्ट 33 मिलिमीटरचा केला की त्याच पोलादात ताकद 33 टक्क्यांनी वाढते. व्यास तोच ठेवून ईएन 24 सारखं नीट हीट ट्रीटमेंट केलेलं पोलाद वापरलं तरी फरक पडतो. पण शाफ्ट तुटायचा थांबला की झटका पुढे सरकतो, डिफरेन्शियलच्या क्राऊन-पिनियनवर. शाफ्ट म्हणजे एका अर्थी फ्यूज. फ्यूजच्या जागी जाड तार लावली की काय होतं, हे विदर्भात कुणाला शिकवायला नको.

आपल्या काळ्या मातीचा प्रश्न तर वेगळाच आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि टायरच्या खाचांत अशी बसते की टायर गुळगुळीत गोळा होतो. तिथे रुंदीपेक्षा खाचा किती खोल आणि मोकळ्या आहेत, हे महत्त्वाचं. जुन्या बैलगाडीचं चाक आठवा: उंच, अरुंद, वर लोखंडी धाव आणि त्या वजनाला साजेसा आख. ते चाक घडवणाऱ्या सुताराने आख सोडून चाकाचा विचार कधी केला नसेल.

म्हणून माझं मत साधं आहे. कंपनीच्याच मापात चांगल्या खाचांचा टायर घ्या. चिखलात उतरताना हवा 30 पौंडांवरून 20 च्या आसपास आणा, डांबरी रस्त्यावर चढण्याआधी पुन्हा भरा. पाणंद रस्त्यावरच्या दहापैकी आठ वेळा एवढ्याने भागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेबाहेरचा बदल चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये सांगितलंय. अपघातानंतर विमा कंपनी हेच कलम काढून दाखवते, तेव्हा रील कामाला येत नाही.

आणि हौस खरंच खोल असेल तर इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी बाहा एसएई इंडिया आहे. पहिली स्पर्धा 2007 मध्ये इंदूरजवळच्या पीथमपूरला झाली. कॉलेजच्या टीमने ऑफ-रोड गाडी स्वतः डिझाइन करायची, बनवायची आणि शेवटी सलग चार तास दगड-चिखलात पळवायची. पेट्रोल गाड्यांना इंजिन सगळ्यांना सारखंच, दहा हॉर्सपॉवरच्या आसपासचं. त्यामुळे टायर एक इंच मोठा घ्यायचा की गिअरचं गुणोत्तर बदलायचं, शाफ्ट किती जाड ठेवायचा, यावर टीम रात्र-रात्र भांडतात. जाड केला तर वजन वाढतं, बारीक ठेवला तर तिसऱ्या तासाला गाडी ट्रॅकच्या कडेला.

शेगाव, अकोला, अमरावतीच्या मेकॅनिकल ब्रँचमध्ये आपली कितीतरी पोरं आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी खामगावच्या गॅरेजमध्ये जाऊन तुटलेला हाफ शाफ्ट मागून घ्यावा आणि तुटलेलं तोंड नीट पाहावं. आडवा सरळ तुटलाय की पिळून, कडेपासून आत शिंपल्यासारख्या रेषा दिसतात का? रेषा असल्या तर तो एका दिवसात गेलेला नसतो, कित्येक महिने थोडा थोडा चिरत आलेला असतो.